पावसाळ्यातील लहान क्रीडास्पर्धेबाबत मदत हवी आहे
सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा घोषित झाला. तरीही तारकर्ली-देवबाग परिसरात मे अखेरीस जलक्रीडा बंद झाल्या की ऑगस्ट संपेपर्यंत आमच्यासारख्या न्याहारी-निवास चालवणाऱ्यांच्या खोल्या बहुधा रिकाम्याच राहतात. साताऱ्यात यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉन २०१२पासून पावसाळी हवेत होत आली आहे, हे पाहून आम्ही काही घरे मिळून जुलैत दीडशे-दोनशे धावपटूंची स्पर्धा भरवण्याच्या विचारात आहोत. (मोठी नकोच, तेवढ्या खोल्या आहेत कुठे?) ज्यांनी अशी स्पर्धा घेतली आहे त्यांनी कृपया सांगावे : पोलीस व ग्रामपंचायतीची परवानगी किती आधी मागावी, रुग्णवाहिकेची सोय कशी करावी आणि मुख्य म्हणजे, धावपटूंनी सकाळी धावून लगेच परत न फिरता कुटुंबासह दोन रात्री राहावे यासाठी स्पर्धेचा वार, वेळ व प्रवेशशुल्क कसे ठरवावे?