हार्वर्डमधील कंत्राटी कामगारांच्या वेतनाविषयी माहिती हवी आहे

सप्रेम नमस्कार. श्रीमंत विद्यापीठे आणि तेथील कामगारांचे वेतन या विषयावर मी मराठीत टिपण लिहीत असून त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

हार्वर्ड विद्यापीठ ज्या शहरात आहे, त्या अमेरिकेतील केंब्रिज शहराने 1999 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तासाला किमान 10 डॉलर वेतन ठरवले, तरी 18 अब्ज डॉलरहून अधिक निधी असलेल्या हार्वर्डमध्ये अनेक सफाई कामगारांना त्याहून कमी मिळत होते. अखेर 2001 च्या वसंतात विद्यार्थ्यांनी मॅसॅच्युसेट्स हॉलमध्ये (विद्यापीठाच्या अध्यक्षांचे कार्यालय असलेल्या इमारतीत) 21 दिवस ठिय्या दिला, आणि त्यातून नेमलेल्या समितीच्या शिफारशींनंतर कंत्राटदारांच्या माणसांनाही विद्यापीठाच्या कायम कामगारांइतके वेतन देण्याचे धोरण आले. मला हेच सर्वांत मोलाचे वाटते, कारण वेतन दाबण्यासाठी कंत्राट देण्यात मग काही फायदाच उरत नाही. मात्र 1994 च्या सार्वमताने भाडेनियंत्रण संपल्यावर तेथील घरभाडी झपाट्याने वाढली, आणि 2016 मध्ये भोजनगृहातील कामगारांना वर्षाला किमान 35 हजार डॉलर मिळावेत म्हणून सुमारे तीन आठवडे संप करावा लागला.

हे समान वेतनाचे धोरण आज प्रत्यक्षात कसे पाळले जाते? कंत्राटदारांच्या वेतननोंदी कोण तपासते? बॉस्टन परिसरात राहणाऱ्या किंवा कामगार कायद्याचा अभ्यास असणाऱ्या सभासदांनी, तेथील कामगार किती दूरवरून कामाला येतात आणि घरभाड्यावर किती खर्च करतात हेही कळवल्यास मी मनापासून आभारी राहीन.