सारा हेरोनिमो: सिनेमाने गायिका मोठी केली, की तिची दहा वर्षं खाल्ली?

सुरपेटी

मार्च २०२४ मध्ये बिलबोर्डच्या 'विमेन इन म्युझिक' सोहळ्यात सारा हेरोनिमोला ग्लोबल फोर्स पुरस्कार मिळाला. फिलिपिन्सच्या वाट्याला तो पहिल्यांदाच आला. तेव्हापासून तिच्यावर लिहिणारे गाणं आणि सिनेमा एकाच दमात घेतात, जणू दोघांनी एकमेकांना हात देत तिला वर आणलं. मला हे पटत नाही. सिनेमाने तिला घराघरात नेलं हे खरंच. पण गायिका म्हणून स्वतःची वाट सापडायला दहा वर्षं उशीर झाला तो त्याच सिनेमापायी.

ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९८८, मनिला. १ मार्च २००३ ला, वयाच्या १४ व्या वर्षी, तिने 'स्टार फॉर अ नाइट' ही गाण्याची स्पर्धा जिंकली. सूत्रसंचालक होती गायिका रेजिन वेलास्केझ, अंतिम फेरीचं गाणं सेलिन डिऑनचं. बक्षीस १० लाख पेसो आणि व्हिवा कंपनीचा करार. खरी मेख या करारात आहे. व्हिवाकडे रेकॉर्ड लेबल, सिनेमा निर्मिती आणि कलाकारांचं व्यवस्थापन एकाच छपराखाली. अल्बम कधी काढायचा, त्यात काय गायचं, शूटिंगला कोणत्या तारखा द्यायच्या, हे सगळं एकाच टेबलावर ठरतं.

मग काय झालं ते बघा. २००८ ते २०१४ या सात वर्षांत मुख्य भूमिकेचे सात सिनेमे. त्यातले तीन नट जॉन लॉइड क्रूझसोबतचे, लायडा आणि मिगी या जोडीचे (२००८, २००९, २०१३). दोन जेराल्ड अँडरसनसोबत, दोन्ही २०११ चे. यातल्या बहुतेकांची नावं जुन्या इंग्रजी गाण्यांवरून घेतलेली, आणि शीर्षकगीत म्हणजे तेच गाणं साराने पुन्हा गायलेलं. २०११ च्या एका सिनेमाचं नाव तर सरळ कार्पेंटर्सच्या गाण्यातून उचललेलं. म्हणजे विशीतला ताजा आवाज खर्च झाला तो दुसऱ्यांच्या जुन्या गाण्यांवर. 'किलोमेत्रो' हे मूळ, नाचाचं गाणं आलं २०१४ ला, 'द ग्रेट अननोन' हा अल्बम २०१५ च्या डिसेंबरात. तोवर ती २७ वर्षांची झाली होती.

पडद्यामागे

साफ असहमत. तुम्ही २०२४ च्या चष्म्यातून २००८ बघताय.

त्या काळी मनिलात पायरेटेड सीडी फुटपाथवर मिळायच्या आणि लेबलांची विक्री घसरणीला लागली होती. स्पॉटिफाय फिलिपिन्समध्ये आलं ते २०१४ च्या एप्रिलमध्ये. मधल्या काळात नुसत्या अल्बमवर पॉप गायिका जगवायची कशी? शीर्षकगीत हाच त्यातला चालणारा रस्ता होता. काम असं चालायचं: तिशी-चाळिशीतल्या प्रेक्षकाला तोंडपाठ असलेलं गाणं निवडायचं, मूळ प्रकाशकाकडून परवानगी घ्यायची, नायिकेच्या आवाजात नव्याने ध्वनिमुद्रण करायचं, तो तुकडा ट्रेलरमध्ये घालायचा, रविवारी दुपारी 'असाप' या टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात ती गाणार, आणि व्हिडिओसाठी वेगळं शूटिंग नाही, सिनेमातलीच दृश्यं कापून जोडायची. एका खर्चात तीन जाहिराती. तिकीट विकलं गेलं की गाणं विकलं गेलं.

आणि ही वाट व्हिवाने साराबरोबर शोधलेली नाही. गायिका-नटी शॅरन कुनेताची कारकीर्द १९८० च्या दशकात याच घरात याच पद्धतीने उभी राहिली. २००६ मध्ये शॅरनच्याच १९८५ च्या गाजलेल्या सिनेमावरून मालिका काढली तेव्हा त्यात गायिका डोरिनाची भूमिका साराला दिली, ते काय उगाच? गादी कुणाकडे जाणार हे त्यांनी टीव्हीवरूनच जाहीर केलं.

रॉयल्टीखातं

पडद्यामागे, परवानगीपर्यंत बरोबर. पण पैशाचा हिशेब अर्धाच मांडलात.

जुनं गाणं नव्याने गायलं की रचनेचा पैसा मूळ गीतकार-संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकाला जातो. साराला मिळतो तो ध्वनिमुद्रणातला करारानुसारचा वाटा. तिच्यापुरतं बघितलं तर फारसा फरक नाही, कारण 'ताला' हे तिचं सर्वात गाजलेलं मूळ गाणंही तिने लिहिलेलं नाही. त्या गाण्याच्या मागे निका देल रोसारिओ वगैरे मंडळी आहेत. फरक पडतो तो मनिलातल्या गीतकारांना. शीर्षकगीत परकं, म्हणजे त्यातलं रचनेचं मानधन देशाबाहेर.

दुसरी गोष्ट रेडिओची. १९८७ च्या कार्यकारी आदेश २५५ नुसार तिथल्या संगीत वाजवणाऱ्या केंद्रांनी दर तासाला किमान ४ मूळ फिलिपिनो रचना लावायच्या असतात. रचना फिलिपिनो माणसाची हवी, भाषा इंग्रजी असली तरी चालते. म्हणजे वेनी साटुर्नोने लिहिलेलं तिचं पहिलं हिट या कोट्यात बसतं, पण कार्पेंटर्सचं गाणं कितीही गोड गायलं तरी बसत नाही. तिथे तिची स्पर्धा थेट मूळ अमेरिकन रेकॉर्डशी, आणि श्रोत्याला मूळ पाठ असतं. सुरपेटींच्या मुद्द्याला हा भक्कम टेकू आहे, त्यांनी तो वापरला नाही याचं नवल वाटलं.

मध्यलय

विक्रीवर मिळणाऱ्या प्लॅटिनम किताबांचे आकडे कुणी आणायच्या आधीच सांगून ठेवतो: तिथल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने गोल्ड-प्लॅटिनमचे उंबरठे वेळोवेळी खाली आणलेत. २००३ चं प्लॅटिनम आणि २०१४ चं प्लॅटिनम एका तागडीत घालू नका.

तारसप्तक

आवाजाच्या बाजूने कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

फिलिपिन्समधल्या स्पर्धांमधून आलेल्या गायिकांना 'बिरित'ची सवय असते, म्हणजे छातीचा जोर वर खेचत नेऊन शेवटच्या कोरसला ताणलेला उंच सूर. पंचांना तो आवडतो, गल्लीतल्या कराओकेलाही. या गायकीला झोप लागते, पाणी लागतं, आणि मधे गप्प बसण्याचे दिवस लागतात. रोमँटिक कॉमेडीच्या शूटिंगमध्ये नेमकं हेच मिळत नाही. प्रदर्शनाची तारीख आधी ठरलेली, त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत कॉल टाइम दुपारचा आणि पॅकअप पहाटे. त्यात रडण्याचे, ओरडण्याचे सीन पाच-सहा कोनांतून पुन्हा पुन्हा. मग डबिंग. आणि रविवारी 'असाप'वर लाइव्ह.

अशा वेळी बिघडतं काय? स्वरतंतूंच्या कडा किंचित सुजतात. आधी जातो तो हळू गायलेला उंच सूर. तो फुटतो, उशिरा लागतो किंवा आधी नुसती हवाच येते. जोराने गायलेला उंच सूर मात्र लागत राहतो, कारण हवेचा दाब वाढवून सुजेवर मात करता येते. त्यामुळे श्रोत्याला काही कळत नाही आणि गायिका दाब वाढवत राहते. हे कसं ओळखायचं तर एखादी साधी ओळ अगदी बारीक आवाजात, वरच्या पट्टीत गाऊन बघायची. कालपर्यंत येत होती ती आज येत नसेल तर त्या दिवशी गाऊ नये.

तिथे कामाच्या तासांवर कायदा यायला २०२४ उजाडलं. एडी गार्सिया कायदा: दिवसाला ८ तास, वाढवून जास्तीत जास्त १४, आठवड्याला ६०. चित्रीकरणाच्या अपघातानंतर २०१९ मध्ये मरण पावलेल्या ज्येष्ठ नटाचं नाव त्याला दिलंय. साराचे सात सिनेमे झाले ते सगळे या कायद्याच्या आधी.

पडद्यामागे

तारसप्तक, माहिती उत्तम, पण तिचा आवाज त्या काळात बसला याला आधार काय? २००९, २०१२, २०१३ चे अरानेटा कोलिझियम या भल्यामोठ्या सभागृहातले कार्यक्रम बघा. ज्या वर्षांत ती सिनेमे करत होती त्याच वर्षांत अरानेटा भरत होती.

तारसप्तक

बसला असं मी म्हटलेलंच नाही. धोका कुठे होता ते सांगितलं. उलट इतक्या धबडग्यात टिकली याचं श्रेय तिच्या तयारीला द्या, ज्यांनी वेळापत्रक आखलं त्यांना नको.

खुंटीवरचा_झगा

'ताला'वर कुणी येणारच नाही का?

गाणं 'द ग्रेट अननोन'मधलं, व्हिडिओ २०१६ चा. नाच बसवला जी-फोर्स या नृत्यसंचाने. तेव्हा बरं चाललं, बस. खरा भडका उडाला २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या जानेवारीत, म्हणजे जवळपास चार वर्षांनी. तोही कंपनीने पैसे ओतले म्हणून नाही. बारमध्ये बाईच्या वेशात कार्यक्रम करणाऱ्या ड्रॅग कलाकारांनी आणि क्विअर (एलजीबीटी) प्रेक्षकांनी ते गाणं जिवंत ठेवलं होतं, साराची नक्कल करणारे कार्यक्रम रंगात होते, आणि तिथून ते ऑफिसच्या पार्ट्या, शाळा, रस्ते असं पसरलं. या गाण्याला ना सिनेमा होता, ना नायक, ना ट्रेलर. मूळ रचना, टागालोग शब्द आणि नाच, एवढंच भांडवल. तिच्या कारकिर्दीतलं सर्वात टिकाऊ गाणं सिनेमाशिवाय आलं, यावर पडद्यामागे काय म्हणतील?

पडद्यामागे

एवढंच, की त्या ड्रॅग कलाकारांनी नक्कल करायला साराच का निवडली? कारण तिची बोलण्याची ढब, मान वळवणं, लाजणं, हे सगळं देशाला पाठ होतं. लायडाच्या तीन सिनेमांतून आणि दर रविवारच्या टीव्हीवरून. नक्कल ओळखीच्या माणसाचीच होते.

खुंटीवरचा_झगा

हा मुद्दा मान्य. बरोबर पकडलंत.

ध्वनीमिस्त्री

नाचता नाचता लाइव्ह गाणं हे साराचं वेगळेपण मानतात, म्हणून त्यातलं तंत्र सांगतो; त्याशिवाय 'किलोमेत्रो' आणि 'ताला' यांची किंमत कळत नाही.

अरानेटा कोलिझियम १९६० चं, वर घुमट, व्यास १०८ मीटर. स्टेज एका टोकाला असेल तर सूर समोरच्या भिंतीवर आपटून गायिकेकडे परत यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात अर्धा सेकंद म्हणजे एक अख्खा ठोका. मोकळ्या कानाने गायलं तर परत आलेला आवाज ऐकून गायिका मागे रेंगाळायला लागते आणि नर्तक पुढे जातात. म्हणून कानात मॉनिटर आणि त्यात क्लिक, म्हणजे ताल मोजणारी टिकटिक. नाचताना एक कान निसटला की गंमत संपते. उरलेल्या कानात आवाज वाढवून मागावा लागतो, दुसऱ्यात घुमटाचा उशिरा आलेला आवाज शिरतो, आणि मग ताल गेला नाही तर सूर तरी हलतो.

माइकचंही तसंच. हेडसेट लावला की दोन्ही हात मोकळे, पण धाप, कपड्यांची घासाघीस, शेजारच्या स्पीकरचा आवाज सगळं आत येतं. मिक्सरवरचा माणूस वैतागून तो खाली घेतो आणि आधीच मुद्रित केलेला ट्रॅक वर. हातातला माइक गायिकेला स्वतःच्या मनाने लांब-जवळ धरता येतो, उंच सुराला तोंडापासून थोडा दूर. मात्र एक हात नाचातून बाद. चांगली नृत्यरचना हे गृहीत धरते: लांब सुरांवर पाय स्थिर, उड्या आणि गिरक्या शब्द नसलेल्या मात्रांमध्ये, कोरसच्या दुसऱ्या आवाजांना बॅकिंग ट्रॅक, आणि मुख्य ओळीच्या आधी श्वासासाठी निदान एक मात्रा रिकामी.

आता धाग्याच्या मुद्द्याकडे. ही गाणी मुळातच अशी बांधलेली आहेत, ओळी आखूड, मधे श्वासाला जागा. सिनेमांसाठी गायलेली ती जुनी इंग्रजी गाणी लांब सुरांची, उभं राहून गायची. तिच्यातली नाचणारी गायिका त्यात मावतच नव्हती. म्हणून माझं मत सुरपेटींच्या बाजूने.

नव्वदोत्तरी

सगळे 'मिस ग्रॅनी' विसरलात. २०१८, दिग्दर्शक जॉयस बर्नाल. म्हातारी बाई पुन्हा तरुण होते आणि गायिका बनते. म्हातारपणीची नोव्हा व्हिला, तरुणपणीची सारा. तरुण अंगात म्हातारीची चाल, जुन्या वळणाचा उच्चार आणि त्याच वळणाचं गाणं, तिन्ही एकदम सांभाळायचं. इथे गाणं कथेतच आहे, शेवटी नावांबरोबर वाजणारं नाही. गायक-नटीला सिनेमा कसा द्यावा याचा हा नमुना.

सुरपेटी

आणि तोही २०१४ च्या कोरियन सिनेमाचा रिमेक! पण भूमिका अव्वल, वाद नाही. फक्त ती मिळायला पहिल्या हिट सिनेमानंतर दहा वर्षं लागली, आणि माझं रडगाणं तेच आहे.

पडद्यामागे म्हणतात तो सिनेमा-लेबल-टीव्हीचा गाडा नंतर कसा अडकला तेही बघा. ५ मे २०२० ला 'असाप' दाखवणाऱ्या एबीएस-सीबीएन वाहिनीचं प्रसारण परवान्याअभावी बंद झालं, जुलैत संसदेच्या समितीने नवा परवाना नाकारला. रविवारचा तो फुकटचा मंच एका फटक्यात आक्रसला, वरून कोविडची साथ. तेव्हा मार्च २०२१ मध्ये तिने ऑनलाइन कार्यक्रम केला तो कोणत्या नावावर? 'ताला'. २०२५ मध्ये एसबी१९ या नव्या पिढीच्या बॉयबँडबरोबर 'उमाआलिगिद' काढलं, तेही मूळ गाणं. शीर्षकगीतांपैकी एकही या वेळी कामाला आलं नाही.

पडद्यामागे

कामाला आलं नाही कसं? तिकीट काढणारा प्रेक्षक २००८ पासून जमवलेला. आणि 'द व्हॉइस' या गाण्याच्या स्पर्धेतली प्रशिक्षक-परीक्षकाची खुर्ची धरा की. २०१३ मध्ये लेआ सालोंगा, बांबू आणि ॲपल-डी-ॲप यांच्या बरोबरीने तिला बसवलं तेव्हा ती २४-२५ ची होती. पुढच्या वर्षी लहान मुलांच्या पर्वात तिच्या संघातली लायका गायरानोद जिंकली. 'ताला' यायच्या आधीच देश तिला गाण्यातली जाणकार मानत होता. सिनेमाने ती मागे पडली असती तर ही खुर्ची मिळाली असती का?

रॉयल्टीखातं

खुर्ची मिळाली ती 'असाप'वर २००४ पासून दर आठवड्याला लाइव्ह गात आली म्हणून. ते टीव्हीचं खातं आहे, सिनेमाच्या नावावर जमा करू नका.

ध्वनीमिस्त्री

नवीन वाचकांनी ऐकायचं असेल तर हेडफोन लावून या क्रमाने ऐका: २००३ च्या अंतिम फेरीचं गाणं, मग २००८ च्या सिनेमाचं शीर्षकगीत, मग 'किलोमेत्रो' लाइव्ह, शेवटी 'ताला' लाइव्ह. पहिल्यात उंच सुराकडे जाताना ती आधी आवाज वाढवते आणि मग चढते. दुसऱ्यात जोर कुठेच नाही, सगळं माइकच्या जवळून. लाइव्ह ध्वनिमुद्रणांत ओळींच्या शेवटी लक्ष द्या: श्वास ऐकू येतो का, आणि गिरकीनंतरचा पहिला शब्द किंचित उशिरा पडतो का. पडत असेल तर ती खरोखर गातेय.