राजारामपुरीतील तंत्रज्ञान-बैठकीत मागच्या खुर्चीवरून पुढे कसे यावे?

गोकुळशिरगावकर यांचा प्रश्न

नमस्कार. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत मी सोळा वर्षे उत्पादन-नियोजनाचे काम पाहतो. शिक्षण वाणिज्य शाखेचे. प्रोग्रामिंग गेल्या तीन वर्षांत कामाची निकड म्हणून रात्री जागून शिकलो. आमच्याकडील जुने मराठी अहवाल युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रूढ होण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले आहेत, आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर ते उघडले की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. कोणत्या महिन्यात ब्लोहोलमुळे (वायू अडकून धातूत राहिलेल्या पोकळीमुळे) किती कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बाद झाली, हे शोधण्यासाठी दर वेळी फाइल छापून डोळ्यांनी वाचावी लागत असे. त्यावर उपाय म्हणून मी पायथनमध्ये एक लहानसा प्रोग्राम लिहिला, जो हा मजकूर युनिकोडमध्ये आणतो; बहुतेक वेळा बरोबर, काही वेळा चुकीचा.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सायंकाळी तंत्रज्ञानाची आवड असलेले आणि त्यावर ब्लॉग लिहिणारे पंधरा-वीस जण जमतात. मी दोनदा गेलो, मागच्या खुर्चीवर बसलो आणि चहा घेऊन परत आलो. बोलणारे बहुतेक संगणक-अभियंते, त्यातील काही पुण्यातील कंपन्यांचे काम घरी बसून करणारे. चर्चा निम्मी इंग्रजीत चालते. प्रत्येकाने काहीतरी लिहावे किंवा सांगावे अशी तेथे अपेक्षा आहे, आणि ती मला रास्तही वाटते; परंतु माझ्याजवळ सांगण्यासारखे आहे ते फार किरकोळ आहे, असे वाटून पाय मागे येतो. सुरुवात कशी करावी? लिहायचे झाल्यास मराठीत लिहावे की इंग्रजीत? आणि हे काम नोकरीतून उद्भवलेले असल्याने त्याविषयी बाहेर बोलावे की नाही, हाही प्रश्न आहेच.

उद्यमनगरकर यांचे उत्तर

मी स्वतः लेथवर उभा राहून मोठा झालेला माणूस आहे आणि याच बैठकीला पाच वर्षे जातो. पहिले वर्षभर मीही तोंड उघडले नव्हते, तेव्हा दोन बैठकांतच आपण हा प्रश्न विचारलात, हे माझ्यापेक्षा बरेच लवकर झाले.

आपण ज्याला किरकोळ म्हणता, तेच सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘पायथनची ओळख’ या विषयावर बोलण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. ती ओळख त्या खोलीतील प्रत्येकाला आहे. त्याऐवजी फळ्यावर एकच शब्द लिहावा : ‘आर्थिक’. अनेक जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जातात, म्हणजे आधी आ, मग पहिली वेलांटी, मग थ, त्यानंतर थच्या डोक्यावरचा रफार आणि शेवटी क. युनिकोडमध्ये तोच शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो : आ, पाय मोडलेला र, थ, वेलांटी, क. त्यामुळे प्रोग्रामला रफार उचलून मागे न्यावा लागतो आणि वेलांटी पुढे ढकलावी लागते, आणि या दोन्ही उड्या एकाच थवरून विरुद्ध दिशांनी जातात. पुढे ‘स्थिती’ हा शब्द घ्यावा. तेथे वेलांटीने केवळ शेजारच्या अक्षरापलीकडे जाऊन भागत नाही. अर्धा स आणि थ असे संपूर्ण जोडाक्षर ओलांडावे लागते. आपला प्रोग्राम ‘काही वेळा चुकतो’ असे आपण म्हणता, तो बहुधा अशाच ठिकाणी अडखळत असावा. दहा मिनिटांत एवढे दोन शब्द सोडवून दाखवलेत, तर बैठकीतील अभियंत्यांपैकी निम्म्यांना ते नवे असेल, कारण त्यांनी जन्मात कधी जुन्या फाँटला हात लावलेला नाही. आणि जेथे चुकते, ती उदाहरणे आवर्जून दाखवावीत. मदतीचे हात तेथूनच पुढे येतात.

नोकरीविषयी : मालकांना तोंडी नव्हे, दोन ओळी लिहून विचारावे. प्रोग्राम दाखवायला हरकत नसते, हरकत असते ती ग्राहकांची नावे, दर आणि हीट नंबर (धातू वितळवण्याच्या खेपेचा क्रमांक) दिसण्याला. प्रात्यक्षिकासाठी पाच-सहा ओळींचा बनावट अहवाल स्वतः टाइप करावा. खऱ्या फाइलमधील नावे खोडून ती दाखवण्याचा मोह टाळावा, कारण घाईघाईत खोडलेले हमखास कोठेतरी शिल्लक राहते. एका बैठकीत एका वक्त्याच्या पडद्यावर ग्राहकाचे पूर्ण देयक अर्धा मिनिट झळकत होते आणि सगळे सभ्यपणे छताकडे पाहत होते.

महाद्वार डीटीपी यांचे उत्तर

वरील उत्तरात एक भर घालतो, कारण हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. महाद्वार रोडवर मी वीस वर्षे लग्नपत्रिका, हँडबिले आणि सहकारी संस्थांचे अहवाल पेजमेकरमध्ये लावले. जुन्या फाँटच्या कळा आजही माझ्या बोटांत आहेत.

आपल्या प्रोग्राममध्ये ‘गुऱ्हाळ’ हा शब्द तपासून पाहावा. कोल्हापूर परिसरात हा शब्द टाळून चालणारच नाही, आणि खोच नेमकी त्यातल्या आडव्या अर्ध्या र मध्ये आहे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला र, म्हणजे सांकेतिक क्रमांक ०९३१, घेऊन त्याचा पाय मोडतात आणि पुढे ह ठेवतात. दुसऱ्या प्रकारात साधा र घेऊन, पाय मोडून, त्यानंतर शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक घालतात. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे असतात, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एकरूप करण्याची प्रक्रिया, चालवूनही ते एक होत नाहीत. म्हणजे निम्म्या फाइलींमध्ये एक प्रकार आणि उरलेल्यांत दुसरा असेल, तर साध्या शोधात निम्मी गुऱ्हाळे हाती लागणार नाहीत. त्यातही एखाद्या प्रोग्रामने ‘निरुपयोगी अदृश्य चिन्हे’ म्हणून तो जोडक काढून टाकला, तर आडवा र जाऊन हच्या डोक्यावर रफार चढतो. आचाऱ्यांना दिलेला शिधा आचार्यांच्या नावे पडतो तो असा. सगळ्या फाइलींसाठी एकच प्रकार ठरवून घ्यावा. मी टिंबाच्या र चा वापरतो, कारण अदृश्य चिन्हावर माझा भरवसा नाही.

हे सारे मी बैठकीत कधी सांगितले नाही. संगणकवाल्यांच्या सभेत डीटीपीवाल्याचे काय काम, असेच मला वाटत आले. आपण बोलणार असाल तर मी येऊन शेजारी बसेन.

लिहिण्यासंबंधी एवढेच सांगतो की, जेथे लिहाल तेथील मजकुराची साध्या टेक्स्ट फाइलमधील प्रत स्वतःजवळ ठेवावी. ऑर्कुटवरील मराठी समूहांत मी टंकलेखनाविषयी भरपूर लिहिले होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले आणि मी आळस केल्यामुळे ते सगळे लेखन गेले.

पंचगंगाकाठ यांचे उत्तर

उद्यमनगरकरांचा सल्ला चांगला आहे, तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. भाषण देऊनच आत शिरता येते, असे नाही. या बैठकीत बोलणाऱ्यांची वाण नाही. वाण आहे ती लिहून ठेवणाऱ्यांची. मी एका महाविद्यालयात शिकवते आणि पहिल्या चार बैठकांत मी केवळ टिपणे घेतली : कोण काय म्हणाले, कोणता आदेश चालवला, कोणता चालला नाही, कोणती आवृत्ती होती आणि तारीख काय होती. ती टिपणे सर्वांना पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी तिघांनी दुरुस्त्या कळवल्या आणि त्या निमित्ताने ओळखी झाल्या. आवृत्ती आणि तारीख नसलेला तांत्रिक मजकूर दोन वर्षांनी वाचणाऱ्याला वाट दाखवण्याऐवजी चुकवतो, म्हणून हे दोन तपशील कधीही गाळू नयेत.

भाषेबाबत माझी शिफारस मराठीचीच आहे, कारण जुन्या मराठी फाँटची अडचण ज्याला आहे तो माणूस मराठी वाचणाराच असणार. कोड आणि चुकीचा संदेश जसाच्या तसा इंग्रजीत ठेवावा, कारण पुढचा माणूस तोच संदेश शोधत येतो. स्पष्टीकरण मराठीत द्यावे. फाइल, फोल्डर, फाँट या शब्दांना ओढूनताणून प्रतिशब्द घडवू नयेत. ‘रफार’, ‘वेलांटी’ आणि ‘पाय मोडणे’ हे आपले शब्द मात्र निःसंकोच वापरावेत, कारण त्यांच्याइतके नेमके शब्द इंग्रजीत शोधूनही मिळत नाहीत.

आमच्या स्वतःच्या कामाचे उदाहरण देते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु अमुक फुटांवर पाणी नेमके कोणत्या बोळात शिरते, ही माहिती तेथील वडीलधाऱ्यांच्या तोंडीच होती. २०१९ च्या महापुरानंतर आम्ही काही विद्यार्थ्यांसह सुतारवाडा आणि परिसरात रविवारी सकाळी पायी फिरलो आणि बोळांची, तालमींची नावे ओपनस्ट्रीटमॅपवर मराठीत नोंदवली. २००४ मध्ये सुरू झालेल्या या मुक्त नकाशात प्रत्येक ठिकाणाच्या मराठी नावासाठी स्वतंत्र रकाना असतो. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नाव उतरवून घेणे तेथे नियमाविरुद्ध आहे. स्वतः पाहिलेले किंवा तेथील रहिवाशांनी सांगितलेलेच लिहायचे. एका आजींनी २००५ चे पाणी उंबऱ्याच्या कोणत्या चिऱ्यापर्यंत आले होते, ते हात ठेवून दाखवले, आणि २०१९ चे दाखवण्यासाठी त्यांना स्टुलावर चढावे लागले. त्या उंचीसाठी नकाशात सोयीस्कर जागा सापडेना, म्हणून तो तपशील लेखात गेला, आणि त्या लेखामुळेच या बैठकीचे पहिले निमंत्रण मला आले.

जाता जाता एक तक्रार. बैठक सायंकाळी सातला ठेवून साडेनऊपर्यंत लांबवली, तर शेवटची बस गाठणाऱ्यांनी आणि विशेषतः बायकांनी काय करायचे, याचा विचार पूर्वी कोणीच केला नव्हता. मी तीनदा सांगितल्यानंतर आता ती पाचला सुरू होते. नव्या माणसानेही असे सांगायला कचरू नये.

गोकुळशिरगावकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री महाद्वार डीटीपी यांच्या सूचनेप्रमाणे रूपांतरित फाइलींत शोध घेतला. गुऱ्हाळांना लागणाऱ्या क्रशरचे सुटे भाग आम्ही ओततो, त्यामुळे तो शब्द सगळीकडे आहे. एका प्रकारे शोधल्यावर ३१ फाइली मिळाल्या, दुसऱ्या प्रकारे आणखी ९. या नऊ फाइली गेले वर्षभर माझ्या शोधात येतच नव्हत्या, आणि त्यांतील बाद मालाचे आकडे मी अहवालात धरलेच नव्हते. हे साहेबांना सांगावे लागले. सांगितले. त्याच भेटीत परवानगीचा कागदही पुढे केला, त्यांनी “त्यात दर नाहीत ना?” एवढेच विचारून सही केली.

येत्या बैठकीत दहा मिनिटांसाठी नाव दिले आहे, आणि त्या दिवशीची टिपणेही मीच घेईन. माझा लॅपटॉप जुना आहे, त्याला केवळ निळ्या टोकाची व्हीजीए केबल लागते. तेथील प्रोजेक्टरला ती चालेल का?

उद्यमनगरकर

चालेल, केबल कपाटात खालच्या खणात आहे. तिची एक पिन वाकलेली असल्याने निळा रंग येत नाही आणि पांढरा पडदा पिवळा दिसतो. तेव्हा काळ्या पार्श्वभूमीवर निळी अक्षरे ठेवू नयेत, ती दिसणारच नाहीत.