दोन फुटी टाकी, बोअरचं पाणी आणि दर गुरुवारी मरणारे मासे

मांजराकाठची (लातूर)

मदत पाहिजे. महिना झाला, घरात माशांची टाकी आणलीय. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. माझं लेकरू सहा वर्षांचं आहे. बोलायला जरा उशिरा लागलं, पण टाकीपुढं बसलं की एकेका माशाशी तासभर बोलत बसतं. म्हणून हे मासे मरायलेत तर माझ्याच पोटात तुटायलंय.

दुकानातून एकाच दिवशी आणले: ४ गोल्डफिश, २ एंजल, ४ टायगर बार्ब, ६ निऑन टेट्रा आणि काच साफ ठेवतो म्हणून १ सकर. दुकानदार म्हणाला, सगळे गुण्यागोविंदानं राहतात, दर रविवारी पूर्ण पाणी बदलत जा. मी तसंच करायले. मासे बादलीत काढते, टाकी उपसते, खडी घासून धुते, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईस्तोवर पिळते आणि मोटार लावून बोअरचं ताजं पाणी भरते. सोमवारी टाकी आरशासारखी दिसते. बुधवारपासून मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतात आणि गुरुवारी नाहीतर शुक्रवारी सकाळी एखादा उलटा झालेला असतो. निऑन तर पहिल्याच आठवड्यात सहाच्या सहा गेले.

आरओ दुरुस्तीला आलेल्या पोरानं मीटर बुडवून बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ११०० सांगितला. मग दुकानदार म्हणाला, आरओचं पाणी घाला. दोन रविवार तेच घातलं, तर दुसऱ्याच दिवशी एक एंजल गेली. या रविवारी परत बोअर.

आणखी एक. आत्याबाई तोंडानं काही म्हणत नाहीत, पण मी रविवारी टाकी मोरीत उपसायला लागले की त्या उठून आतल्या खोलीत जातात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, तेव्हा टँकरसाठी रात्री दोन-दोन वाजता घागरी लावून बसलेल्या आहेत त्या. त्यांच्या डोळ्यांदेखत पन्नास लिटर पाणी ओतून देताना मलाही बरं वाटत नाही.

आता उरलेत ३ गोल्डफिश, ३ टायगर बार्ब, १ एंजल, १ सकर. एंजलच्या पोटाखालचे लांब दोरे कोणीतरी कुरतडलेत. माझं नेमकं काय चुकायलंय?

औसा नाका (लातूर)

ताई, कुरतडणारे टायगर बार्बच. ज्या माशाचे पर लांब, त्याच्या मागं लागायची त्यांची सवयच आहे, आणि संख्येनं कमी असले की जास्तच. आजच वेगळे करा, बादलीत ठेवले तरी चालेल. बाकीचं जाणकार सांगतील.

जुना मास्तर (परभणी)

ताई, तुमच्या लिहिण्यातली एक ओळ मी दोनदा वाचली. मासे गुरुवारी-शुक्रवारी मरतात. सगळं उत्तर त्या ओळीत आहे.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तो विष आहे. त्याचा बंदोबस्त करणारे जिवाणू स्पंजवर, खडीवर, काचेवर वस्ती करून राहतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषच. नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सोसतात आणि झाडांना ते खत असतं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर रविवारी ती घासून, पिळून मोरीत सोडता. त्यामुळं तुमची टाकी महिनाभर पहिल्या दिवसावरच आहे. रविवारी अमोनिया शून्य, सोमवारपासून चढायला लागतो, गुरुवारपर्यंत माशाच्या गळ्याशी येतो.

त्यात आपलं बोअरचं पाणी. काळ्या बसाल्ट खडकातून येतं, कठीण असतं, पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधोमध) बहुधा ७.५ ते ८ च्या आसपास. पीएच ७ आणि २५ अंश तापमान असेल तर एकूण अमोनियातला साधारण अर्धा टक्का भागच विषारी रूपात असतो. तेच पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे दसपट. पाणी तापलं की आणखी वाढतं. मऊ पाण्याच्या गावात जी चूक मासा निभावून नेतो, ती आपल्याकडं त्याचा जीव घेते.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो, प्रयोगशाळेत तीन फुटी टाकी ठेवली होती. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शिपायानं, मला बरं वाटावं म्हणून, टाकी खडीसकट घासून लख्ख केली. सुट्टी संपून आलो तर पाणी इतकं नितळ की पलीकडच्या भिंतीवरचा तक्ता वाचता यावा, आणि अकरा मासे तळाला. तो बिचारा दारात उभा राहून रडत होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाण्यातला अमोनिया मोजला. तेव्हापासून स्पंजवरचा तो तपकिरी बुळबुळीत थर मी जिवापाड जपतो.

तर आता असं करा. पूर्ण पाणी बदलणं आजपासून बंद. तुमच्या टाकीत खडी वजा जाता ४५ लिटर पाणी मावत असेल. एरवी आठवड्यातून एकदा दहा लिटर काढायचं, म्हणजे एक घागर. पेन्सिलीएवढी नळी घ्या, एक टोक खडीत खुपसा, घाण ओढली जाईल. फिल्टरचा स्पंज पंधरा दिवसांनी त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा हलका दाबायचा, नळाखाली कधीही नाही. पुढचे चार आठवडे मात्र वस्ती नवीन आहे, म्हणून दर दोन दिवसांनी एक घागर काढा. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं थेंबांचं किट मिळतं, ते आणाच. अंदाजावर मासे जगत नाहीत.

काढलेलं पाणी आत्याबाईंच्या झाडांना घाला. कढीपत्ता, जास्वंद, मोगरा, काहीही. त्यांना सांगा, यात खत आहे.

आरओबद्दल. निऑन ॲमेझॉनच्या मऊ, पालापाचोळ्यानं तपकिरी झालेल्या पाण्यातला मासा. त्याला ११०० टीडीएसमध्ये टाकणं अन्यायच होता. पण म्हणून एका रविवारी क्षारांनी भरलेलं आणि दुसऱ्या रविवारी क्षार नसलेलं पाणी द्यायचं नसतं. माशाच्या अंगातल्या मिठाचा तोल एका रात्रीत बदलत नाही, एंजल त्यानंच गेली असावी. पाण्यामागं धावू नका, आपल्या पाण्याला मानवणारे मासे पाळा. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल, गप्पी ही सगळी पिल्लं घालणारी जात कठीण पाण्यात खूश असते. गप्पी तर तुम्ही पाहिलाच असेल, हिवतापवाले डासांच्या अळ्या खायला हौदात, विहिरीत सोडतात तो. दुकानातला रंगीत शेपटीचा त्याचाच भाऊ. नर-मादी दोन्ही आणले तर महिन्या-महिन्याला पिल्लं होतील, म्हणून नुसते नर आणा. मॉली आणायची तर एका नरामागं दोन-तीन माद्या, नाहीतर तो एकीला दमवून मारतो. आणि पाण्यात चपळाई हवी तर सहा झेब्रा डॅनिओ. आपल्या देशातलाच मासा, काटक.

गोल्डफिश आणि सकर या टाकीतले नाहीत. गोल्डफिश वीतभर वाढतो, घाण भरपूर करतो. सकर फूटभराच्या वर जातो. मोठी टाकी असलेल्या कोणाला तरी द्या, नाहीतर दुकानात परत करा. मांजरा नदीत, तलावात, गावाकडच्या बारवेत सोडू नका, पाया पडून सांगतो. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, इथं त्याला खाणारं कोणी नाही. तिकडं उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात तो यायला लागलाय, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात.

औसा नाका (लातूर)

मास्तरांचं सगळं मान्य, एक सोडून. बोअर धरा म्हणता, पण लातुरात एप्रिल लागला की बोअर उचक्या द्यायला लागतो. मग येतं टँकरचं पाणी, आणि टँकर आज या विहिरीवरून, उद्या त्या. दर वेळी वेगळंच पाणी. त्यापेक्षा नळाचं धरावं. धनेगावच्या धरणाचं पाणी बोअरपेक्षा मऊ असतं आणि आपण ते तसंही आठ-आठ दिवस पिंपात साठवतोच, क्लोरीन आपोआप उडून जातं. आठवड्याला एक घागर काही जड नाही.

जुना मास्तर (परभणी)

तुमचं बरोबर आहे. माझ्या बोअरला बारमाही पाणी, म्हणून माझ्या ध्यानात आलं नाही. ताई, नळाचं धरा. फक्त बदल हळूहळू होऊ द्या, एका वेळी एकच घागर. आणि उघड्या भांड्यात दोन रात्री ठेवलेलंच घाला, नळ आल्या आल्या भरलेलं नको.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. उन्हाळ्यात टाकीतून रोज लिटरभर पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार खालीच राहतात. ती रोजची तूट बोअरच्या किंवा नळाच्या पाण्यानं भरली तर महिन्याभरात टाकीचं पाणी खारट होत जातं. तेवढ्यापुरतं, लिटरभरच, आरओचं शुद्ध पाणी घाला. पाणी वाचवायचं म्हणून आरओच्या नळीतून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी मात्र टाकीत घालू नका. सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. ते फरशी पुसायला ठीक.

माळवदातली (नांदेड)

मीही बोलते, कारण पुढचे दोन महिने तुमची खरी परीक्षा आहे.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. हातभर मातीचं छत, मे महिन्यातही टाकीचं पाणी ३० च्या वर जात नव्हतं. स्लॅबच्या घरात आलो आणि पहिल्याच उन्हाळ्यात ३५ झालं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशाला लिटरमागं आठ मिलिग्रॅमच्या वर, ३५ ला सातच्या आसपास. आणि नेमकं तेव्हाच माशाला श्वास जास्त लागतो. त्यात दुपारी लाईट गेली की पंप बंद.

मी काय करते ते सांगते. टाकी वरच्या मजल्यावरून खाली मधल्या खोलीत आणली, भिंतीपासून दूर. झाकण काढून वर जाळी लावली आणि छोटा पंखा पाण्यावर तिरका ठेवला. पाणी दोन-तीन अंश उतरतं, माठात गार होतं तसंच. दिवा दुपारी बंद. बर्फ थेट टाकत नाही. एकदा घाबरून टाकला होता, अर्ध्या तासात पाणी सहा अंश उतरलं आणि माझ्या दोन मॉली आडव्या झाल्या. बॅटरीवर चालणारा एअर पंप मिळतो, लाईट गेली की आपोआप सुरू होतो. तो घ्याच.

आणि खाणं निम्मं करा. दोन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट. लेकराच्या हातात डबा देऊ नका, चिमूट काढून त्याच्या तळहातावर ठेवा. आमच्याकडं एकादशीला मासेही उपाशी असतात. नातवाला ते पाठ आहे, तोच आठवण करून देतो.

औसा नाका (लातूर)

ताई, माझी टाकी तीन वर्षं जुनी आहे. त्यातला वापरता स्पंज देतो, टाकीच्याच पाण्यात डब्यात घालून. तुमच्या फिल्टरशेजारी ठेवला की जिवाणूंची वस्ती लवकर बसेल. घरी जाईस्तोवर वाळू देऊ नका, एवढंच. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवतो.

मांजराकाठची (लातूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तीन आठवडे झाले, म्हणून कळवते.

टायगर बार्ब आणि सकर औसा नाक्याच्या दादांनी त्यांच्या मोठ्या टाकीत घेतले. गोल्डफिश माझ्या भावाकडं गेले, त्याच्या अंगणात सिमेंटचा हौद आहे. आता टाकीत एकटी एंजल आणि तो स्पंज. स्पंज काळपट आहे, दिसायला बरा नाही, पण मी हात लावत नाही. या तीन आठवड्यांत एकही मासा मेला नाही.

पाणी नळाचंच, पिंपात दोन रात्री ठेवून. काढलेली घागर पहिल्या दिवशी मी जास्वंदीला घातली. परवा आत्याबाईंनी स्वतः विचारलं, "माशाचं पाणी आज काढायचंय का गं? कढीपत्त्याला पाहिजे." लेकरू नळीचं खालचं टोक धरून बसतं आणि घागर भरली की ओरडतं.

किट आणलं. अमोनिया चार दिवसांपासून शून्य दाखवायलंय. नायट्राइट मात्र ०.५ वर अडकलंय, खाली येईना. एंजल एकटी आहे म्हणून लेकरू रोज विचारतं, मित्र कधी येणार? या रविवारी चार मॉली आणू का?

जुना मास्तर (परभणी)

अमोनिया शून्य झाला म्हणजे वस्तीतली पहिली फळी बसली. दुसरी फळी नेहमी मागून येते, नायट्राइट आठ-दहा दिवस असाच रेंगाळतो. रोज एक घागर काढा, आज खाणं देऊ नका. दहा लिटरला चहाचा अर्धा चमचा या हिशेबानं साधं खडं मीठ पाण्यात विरघळवून घाला, एकदाच. मिठातल्या क्लोराइडमुळं नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात कमी शिरतो. नंतर घागर बदलाल तेव्हा नव्या घागरीपुरतंच.

मॉली या रविवारी नको. सलग तीन दिवस दोन्ही शून्य दिसले की दोनच आणा, आणि पंधरा दिवसांनी उरलेल्या दोन. एंजल मोठी झाली की ही टाकी तिला उंचीला कमी पडेल, तेव्हा तिचंही बघावं लागेल. बाळाला सांगा, मित्रांसाठी घर तयार करायलोय. रोज त्याच्या हातानं किटच्या नळीत थेंब मोजून टाकू द्या, रंग त्यालाच बघू द्या.