डॉक लावला की ४के मॉनिटर ३० हर्ट्झवर येतो, कुठल्या प्रकारचा डॉक घेऊ?

मंडळी, मदत हवीये. दोन मॉनिटरसाठी डॉक (एकाच केबलने लॅपटॉपला मॉनिटर, चार्जिंग, यूएसबी सगळं जोडणारा डबा) घ्यायचाय, दोन आठवडे नुसतं वाचतोय आणि अजून ठरत नाहीये.

लॅपटॉप विंडोज ११ वाला, दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत पण थंडरबोल्ट (त्याच आकाराचा, जास्त वेगवान पोर्ट) नाही, त्याचं विजेचं चिन्ह कुठेच नाही, एका पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह आहे. समोर २७ इंची ४के मॉनिटर आणि डावीकडे २४ इंची १०८०पी, तो उभा फिरवून लावलाय कारण काम प्रूफ तपासायचं, त्यावर अख्खं पान एका नजरेत दिसतं.

आता अडचण. मित्राकडून त्याचा डॉक दोन दिवस मागून आणला. एक केबल लावली, दोन्ही मॉनिटर चालू, चार्जिंगही चालू, एकदम खूश झालो. पण ४के वर माऊस हलवला की बाण सरकण्याऐवजी उड्या मारत जातो आणि पान स्क्रोल केलं की ओळी तुटक तुटक वर येतात, थांबल्याशिवाय वाचताच येत नाही. सेटिंगमध्ये बघितलं तर ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, ६० चा पर्यायच नाही. तोच मॉनिटर लॅपटॉपला थेट केबलने जोडला की ६० येतो, म्हणजे मॉनिटर आणि लॅपटॉप दोन्ही ठीक आहेत.

वाचून जे कळलं ते असं, चुकत असेन तर सांगा. यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान डेटाच्या चार लेन असतात आणि बरेच डॉक त्यातल्या दोनच डिस्प्लेला देतात, उरलेल्या दोन यूएसबी ३ ला. डिस्प्लेपोर्ट (मॉनिटरला चित्र पाठवायची पद्धत) १.२ आवृत्तीच्या वेगाने दोन लेनमधून सेकंदाला साधारण ८.६ गिगाबिट जातात आणि ४के ६० ला साडेबाराच्या आसपास लागतात, म्हणून ३०. लॅपटॉप आणि डॉक दोन्ही १.४ चे असले तरी दोन लेनमध्ये जेमतेम १३, म्हणजे एकटा ४के काठोकाठ बसतो आणि दुसऱ्या मॉनिटरला जागाच उरत नाही, डीएससी कॉम्प्रेशन (चित्र दाबून कमी जागेत पाठवायची सोय) असेल तर गोष्ट वेगळी. चारही लेन डिस्प्लेला दिल्या तर १.२ वरही १७ मिळतात, माझे दोन्ही मॉनिटर बसायला हवेत, पण मग डॉकचे यूएसबी पोर्ट २.० वर येतात, ४८० मेगाबिट, आणि डॉकचा लॅन पोर्टही त्यातच अडकतो. मला ते चालेल खरं तर, कीबोर्ड, माऊस, वेबकॅम एवढंच जोडायचंय, बॅकअपची डिस्क दुसऱ्या पोर्टला थेट लावेन. फक्त खोक्यावर 'ड्युअल ४के' एवढंच मोठ्या अक्षरात असतं, किती लेन ते कुठेच नाही, तर खरेदीआधी हे ओळखायचं कसं?

दुसरा गुंता म्हणजे बहीण अधूनमधून याच टेबलावर बसते आणि तिच्याकडे एम१ मॅकबुक एअर आहे. त्याला मुळातच एक बाहेरचा मॉनिटर चालतो, शिवाय मॅकवर एमएसटीने (एकाच डिस्प्लेपोर्ट जोडणीतून अनेक मॉनिटर चालवायची पद्धत) दोन मॉनिटरवर वेगवेगळं चित्र येत नाही, दोन्हीकडे तेच दिसतं. तिला दोन्ही हवे असतील तर डिस्प्लेलिंक चिपवाला डॉक हाच रस्ता दिसतो. पण त्यात चित्र प्रोसेसरवर कॉम्प्रेस होऊन यूएसबीने जातं, ड्रायव्हर टाकावा लागतो, मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते आणि कॉपी-प्रोटेक्शन असलेले सिनेमे बहुतेक वेळा काळे दिसतात. सिनेमांचं मला काही नाही. मला काळजी अक्षरांची आहे, दिवसाचे आठ तास बारीक टाइप वाचायचा असतो, अनुस्वार आणि वेलांटी स्पष्ट दिसलीच पाहिजे. डिस्प्लेलिंकवर रोज मजकुराचं काम करणारं कुणी आहे का? स्क्रोल करताना अक्षरं क्षणभर पुसट होतात का, फॅन सतत फिरतो का? तसं होत असेल तर मी चार लेनवाला साधा डॉक घेईन आणि बहीण एकाच मॉनिटरवर काम करेल, तिची तयारी आहे.

चार्जिंगचंही सांगा. माझा अडॅप्टर ६५ वॉटचा आहे, डॉकवर १०० वॉट लिहिलेलं असलं तरी त्यातले काही वॉट डॉक स्वतःसाठी ठेवतो म्हणे, मग लॅपटॉपपर्यंत ६५ नक्की पोचतात ना?

आणि डॉक टेबलाखाली चिकटवायचाय, तिथून लॅपटॉपपर्यंत दीड मीटर लागेल. मित्राच्या डॉकची केबल एक मीटरपेक्षा कमी होती. लांब केबल कुणी वापरतंय का, आणि दोन्ही मॉनिटर त्यावर ६० ला टिकतात का?