मदत हवी आहे : वाचनकट्ट्यावर 'मुशोकू तेन्सेई' घ्यावी का?

नमस्कार मंडळी. सोलापुरात सात रस्त्याजवळ आम्ही काही जण पुस्तकांवर बोलायला जमतो. पुढच्या बैठकीला पुनर्जन्माची फँटसी घ्यायचं ठरलंय आणि मी ही जपानी वेब कादंबरी सुचवलीये (२०१२ ते २०१५ दरम्यान प्रकरणाप्रकरणाने आलेली). निम्मी वाचून झालीये.

३४ वर्षांचा, घरात कोंडून घेतलेला बेकार माणूस ट्रकखाली मरतो आणि जादूच्या जगात रुडेयस म्हणून जन्मतो. जन्म नवा, पण भीती जुनीच. अंगणाबाहेर पडायलाही तो घाबरतो, तेव्हा त्याची शिक्षिका रॉक्सी त्याला घोड्यावर बसवून बाहेर नेते, तो भाग अप्रतिम आहे. पुढे संकटात घर विखुरतं आणि बापलेक भांडतात, तिथे दोघांचंही म्हणणं पटतं.

पण मुलींकडे बघायची त्याची नजर फार खटकते, आणि लेखक ते बऱ्याचदा हसण्यावारी नेतो. कट्ट्यावर दहावी-अकरावीची मुलंमुलीही येतात हो.

पूर्ण वाचलेल्यांनी सांगा, पुढे त्याला याचा जाब द्यावा लागतो का? की या मुलांसाठी दुसरी एखादी पुनर्जन्माची कादंबरी सुचवाल?