पट्ट्यांच्या पलंगावर गादी कोणती घ्यावी? आणि वर प्लाय टाकावा का?

सुतारपक्षी (धागाकर्ता)

फर्निचरवालं आयकिया २०१८ साली हैदराबादला आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला आलं. तेव्हापासून पट्ट्यांचे पलंग (गादीखाली सलग फळीऐवजी अंतराअंतराने आडव्या पट्ट्या असलेले) आपल्याकडे जास्तच दिसू लागलेत, ऑनलाइन शिसवी आणि रबरवूडचे पलंग विकणारेही तसेच बनवतात. गादी मात्र आपण जुन्याच सवयीने घेतो. लांबी-रुंदी सांगायची, "जरा कडक द्या" म्हणायचं, झालं काम. दोन पट्ट्यांमध्ये फट किती, हे ना गिऱ्हाईक सांगत ना दुकानदार विचारत. मग काही काळाने फोम त्या फटींत उतरतो, पाठीला आडव्या वळ्या टोचतात आणि सुतार येऊन सहा एमएमचा प्लाय अंथरून जातो.

माझं म्हणणं असं की प्लायच टाकायचा तर पट्ट्यांचा पलंग घ्यायचा कशाला? फटींतून गादीला खालून हवा लागते, ती बंद करणं म्हणजे जाळीच्या खिडकीला आतून पुठ्ठा ठोकणं. पट्ट्या हा गादीचाच खालचा अर्धा भाग आहे, त्यामुळे आधी पट्ट्या बघा, मग गादी.

पट्ट्या दोन जातीच्या असतात. एक जाड, सपाट, न वाकणारी, पाइन किंवा रबरवूडची. दुसरी बर्च किंवा बीच या लाकडांचे पातळ थर चिकटवून केलेली, मधे किंचित कमानदार, टोकांना रबरी टोप्या असलेली. वजन पडलं की ही दबते. फोम आणि लॅटेक्सला (रबराच्या चिकापासून केलेल्या फोमला) स्वतःचा कणा नसतो, म्हणून त्यांच्याखाली फट सात सेंटिमीटरच्या वर नको. बोनेल स्प्रिंगच्या गादीत सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींत गुंफलेल्या असतात, तिला थोडी जास्त फट चालून जाते. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते, तिला फट कमीच लागते. पाच-सहा फूट रुंदीच्या पलंगाला मधोमध आडा (आधाराची तुळई) हवा आणि त्या आड्याला जमिनीपर्यंत पाय हवा. पाय नसलेले पलंग सर्रास विकले जातात. गादीला शिव्या घालण्याआधी एकदा वाकून खाली बघा.

दबणाऱ्या पट्ट्यांवर मी लॅटेक्स घेईन, सहा इंची. सपाट पट्ट्यांवर चांगला चाळीस डेन्सिटीचा (घनमीटरला चाळीस किलो) फोम किंवा पॉकेट स्प्रिंग. कॉयर (काथ्याच्या गाद्या) आणि बोनेल दबणाऱ्या पट्ट्यांवर वाया जातात, कारण पट्टीबरोबर वाकायला त्या तयारच नसतात.

झोडा आता.

---

वऱ्हाडी_ठेचा

काऊन बरं, एवढ्या मोठ्या धाग्यात कापसाचं नावच नाही? आमच्या यवतमाळ-अकोल्याकडे कापूस पिकतो आणि झोपायला केरळचं रबर घ्यायचं?

कापसाची गादी बसली की उसवायची, कापूस पिंजून घ्यायचा, थोडा नवा घालायचा, खोळ बदलायची. पिंजारी आता यंत्र घेऊन फिरतो, पण फिरतो. तुमचा फोम एकदा बसला की त्याचं काय करता? गच्चीवर टाकता, मग कचऱ्यात. आता कापूस पट्ट्यांच्या फटींत उतरतो हे खरं, म्हणून खाली प्लाय लागतो. टाका की. हवा पाहिजे तर प्लायला भोकं पाडा, ड्रिल मशीन घरोघरी आहे.

आणि उष्णतेने मऊ पडणारा मेमरी फोम विकणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात नागपूरला येऊन झोपून दाखवावं.

---

माजघर

वऱ्हाडींशी सहमत. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी पाठीसाठी स्पष्ट सांगितलंय की लाकडी फळीवर पातळ गादी. पट्ट्या, स्प्रिंगा, लॅटेक्स ही सगळी विकणाऱ्यांची सोय. आमचे आजोबा शेवटपर्यंत सतरंजीवर झोपले, पाठ ताठ होती.

---

पाठीराखा

@माजघर, फळीचा सल्ला एकेकाळी सगळीकडेच देत असत. पण २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधली एक चाचणी छापून आली. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ लोकांपैकी काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, आणि कुणाला कुठली मिळाली हे ना त्यांना माहीत होतं ना तपासणाऱ्यांना. ९० दिवसांनी मध्यम कडकवाल्यांना अंथरुणातलं दुखणं कमी होतं, रोजच्या हालचालींतली अडचणही कमी होती. म्हणजे "जितकी कडक तितकी चांगली" हे निदान या दुखण्यापुरतं तरी टिकलं नाही. मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं.

आता @सुतारपक्षी यांना. त्या चाचणीत पट्ट्यांचा विषयच नव्हता. "पट्ट्या म्हणजे अर्धी गादी" हे तुमचं वाक्य ऐकायला छान आहे, पण त्याला आधार काय? फट मोठी नको, इथवर ठीक. त्यापुढे पाठीचं भलंबुरं ठरतं ते वरच्या गादीने.

---

माजघर

आजोबांची पाठ मात्र ताठ होती.

---

श्टुटगार्टकर

पाठीराखा यांच्या बाजूने साक्ष देतो. इथे जर्मनीत बऱ्याच पलंगांत गादीखाली पट्ट्यांचा सांगाडा असतो, त्याला लाटेनरोस्ट म्हणतात, आणि बऱ्याचदा तो पलंगासोबत न येता वेगळा घ्यावा लागतो. दुकानात सात भागांचे, खांद्यापाशी मऊ, कमरेपाशी कळ सरकवून घट्ट करायचे, मोटरने डोकं उचलणारे असे प्रकार मांडलेले असतात आणि किंमत गादीएवढी. पण श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही इथली वस्तू तपासणारी संस्था सांगत आलीय की चांगल्या गादीला महागडा लाटेनरोस्ट लागत नाही, साधा पुरतो. म्हणजे ज्या देशात पट्ट्यांवर इतका धंदा चालतो तिथेच त्यांचं महत्त्व इतकं वाढवू नका म्हणतात.

बाकी धाग्यातल्या दोन गोष्टी शंभर टक्के मान्य. एक, हवा. थंडीत खिडक्या बंद, आत हीटर, आणि गादी जमिनीवर ठेवली तर खालून काळी बुरशी धरते. घरमालक भिंतीच्या बुरशीवरून डिपॉझिट कापतो तो वेगळाच. दुसरी, मेमरी फोम उष्णतेने मऊ होतो. नागपूरचं वऱ्हाडींनी सांगितलं, इथे उलटं. बेडरूम १६-१७ अंशांवर असली की अंथरुणात शिरताना तो फळीसारखा लागतो, अंगाची ऊब लागली की मग सैल होतो.

इथे नवीन आलेल्यांसाठी अजून एक. गादीवर एच-२, एच-३ असे कडकपणाचे आकडे असतात, पण ते प्रत्येक कंपनीचे आपापले असतात. एकाची एच-३ दुसऱ्याच्या एच-२ इतकी मऊ निघू शकते. आकडा बघून ऑनलाइन मागवू नका. आणि १८० सेंटिमीटरच्या पलंगात ९०-९० च्या दोन गाद्या घालायची इथली पद्धत आपल्या लोकांना विचित्र वाटते, पण नवरा-बायकोच्या वजनात तीस किलोंचा फरक असेल तर तीच शहाणपणाची आहे.

---

सुतारपक्षी

@श्टुटगार्टकर, महागड्या पट्ट्या घ्या असं मी कुठे म्हटलं? मीही साध्याच म्हणतोय, फक्त जवळ जवळ लावलेल्या. तुमच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या रोस्टमध्ये फट सहसा लहानच असते, म्हणून तिथे तो प्रश्न उभाच राहत नाही. इथला सुतार सहा फुटांच्या पलंगाला आठ पट्ट्या मारतो आणि "मजबूत आहे साहेब, नाचा" म्हणतो. मजबूत असतोच, प्रश्न मजबुतीचा नाही.

@वऱ्हाडी_ठेचा, खालून हवा लागते हे तुम्हालाही मान्य दिसतंय. तुमच्याकडची सुतळीची बाज म्हणजे तेच, खालून मोकळी आणि अंगाप्रमाणे झुकणारी. मग प्लायचा एवढा आग्रह का?

---

वऱ्हाडी_ठेचा

कारण बाजेवर आम्ही गोधडी टाकतो, चाळीस हजारांचं लॅटेक्स नाही. बाज सैल पडली की घरीच ताणता येते. तुमची रबरी टोपी तुटली तर कुठं मिळते यवतमाळात ते सांगा.

---

शंकासुर

टोपीच्या मुद्द्यावर धागाकर्त्याचं उत्तर ऐकायला बसलोय.

---

गादीवाले_आप्पा

सांगलीकडे गादीचं दुकान आहे, त्यामुळे माझं म्हणणं पारखूनच घ्या.

पहिली गोष्ट मापाची, ती वर कुणी काढलीच नाही. आपल्याकडे गाद्या इंचात, ७२ बाय ३६, ७५ बाय ६०, ७८ बाय ७२. परदेशी धाटणीचे पलंग सेंटिमीटरात, १८० बाय २००. ७२ इंच म्हणजे १८३ सेंटिमीटर. तीन सेंटिमीटर जास्त, गादी आत दाबून बसवावी लागते आणि मधे फुगा येतो. लांबीला उलटं, ७८ इंच म्हणजे १९८, पायाशी दोन सेंटिमीटर मोकळी. फोम, लॅटेक्स, कॉयर मापाने कापून मिळतं. स्प्रिंगची गादी कापता येत नाही, ती कारखान्यातूनच मापात यावी लागते. तेव्हा पलंग आधी घेऊन बसला असाल तर टेप घ्या आणि आतून मोजा, बाहेरून नाही.

दुसरी गोष्ट, सुतारपक्षींचं लॅटेक्स. ७८ बाय ७२ ची सहा इंची घेतली तर वजन चाळीस किलोंच्या पुढे जातं. ती फिरवायला दोन गडी लागतात. ज्यांच्या घरी दोघंच म्हातारी माणसं आहेत त्यांना मी ती विकत नाही.

मी काय देतो ते सांगतो. सपाट पट्ट्या आणि फट जरा मोठी असेल तर खाली चार इंच रिबॉन्डेड, वर दोन इंच मऊ फोम. रिबॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून दाबून केलेली लादी, ती ताठ असते, फटीत उतरत नाही. लॅटेक्सपेक्षा पुष्कळ स्वस्त. प्लायची गरज नाही, वऱ्हाडीसाहेबांशी भांडण नाही.

वॉरंटी कार्डाच्या मागचा बारीक मजकूरही वाचा. बऱ्याच कार्डांवर पलंगाचा आधार कसा हवा ते लिहिलेलं असतं. खड्डा पडल्यावर कंपनीचा माणूस येतो आणि आधी चादर नाही, गादीच उचलून खाली बघतो.

---

सुतारपक्षी

आप्पा, मापाचा मुद्दा मूळ धाग्यात हवा होता, जोडतो. रिबॉन्डेड मात्र मला पटत नाही. त्यातून हवा फोमइतकीही खेळत नाही आणि वजनात तेही काही कमी नाही. फट मोठी आहे म्हणून गादी दगडासारखी घ्यायची, यापेक्षा फट लहान का करू नये?

---

कोकणकन्या

तुम्हा सगळ्यांची घरं मोठी आहेत असं दिसतंय. डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये पलंगाखाली चार पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीचं मखर आणि लोखंडी ट्रंक असते. आम्हाला पेटीपलंगच लागतो. पट्ट्यांच्या पलंगाखाली हवा खेळते म्हणे! खेळते ना, आणि धूळही खेळते.

पण पावसाळ्यात सनमायका मारलेल्या पेटीवर गादी ठेवून काय होतं तेही मला ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये गादी उचलली की खालून दमट आणि कुबट. जून ते सप्टेंबर ऊन दाखवायचं कुठे? म्हणून सुतार आला तेव्हा पेटीच्या वरच्या झाकणाऐवजी पट्ट्याच मारून घेतल्या. खाली सामान, मधे फटी, वर पाच इंची कॉयर. कॉयर ताठ असते, तिला फटीचं काही वाटत नाही. सामानावर जुनी साडी अंथरते. सुतारपक्षींच्या नियमांत हे कुठे बसतं ते बघा, पण झोप लागते.

---

शंकासुर

एका रात्रीत माणसाचा असा किती घाम निघतो की गादीला श्वास घ्यावा लागतो? एसीवाल्यांना हे लागू आहे का?

---

पाठीराखा

@शंकासुर, एसी खोलीतली हवा कोरडी करतो, गादीच्या खालची बाजू नाही. अंगाची वाफ गादीतून खाली उतरते आणि थंड, बंद पृष्ठभागाला भेटली की तिथेच अडकते. पण सोलापूर-जळगावसारख्या कोरड्या हवेत उन्हाळ्याचे महिने हा प्रश्न जवळपास नसतोच, म्हणून वऱ्हाडींचा प्लाय त्यांच्याकडे खपून जातो. तोच प्लाय रत्नागिरीत नको. हवामान बाजूला ठेवून हा वाद घालण्यात अर्थ नाही.

---

नवीन_भाडेकरू

मोजून आलो. पुण्यात भाड्याच्या घरात मालकाचा पलंग आहे. आतली लांबी २०० सेंटिमीटर, सपाट पट्ट्या १२, प्रत्येक ७ सेंटिमीटर रुंद, फट साडेदहाच्या आसपास. मध्ये आडा आणि पाय आहे. फोमची गादी घ्यायचीय, बजेट बेताचं. प्लाय, रिबॉन्डेड की काय?

---

सुतारपक्षी

तिसरं काहीतरी. १२ पट्ट्यांनी ८४ सेंटिमीटर व्यापले, उरलेले ११६ अकरा फटींत वाटले गेले, म्हणून साडेदहा. त्याच मापाच्या आणखी तीन पट्ट्या घ्या. १५ पट्ट्यांचे १०५, उरले ९५, फटी चौदा, म्हणजे प्रत्येकी पावणेसातच्या आसपास. फोमला एवढी चालते. वखारीत तयार रुंदीची पट्टी कापून मिळेल.

---

गादीवाले_आप्पा

हिशेब बरोबर. धंदा बुडवलात माझा.

---

वऱ्हाडी_ठेचा

तीन पट्ट्या, वखारीचा हेलपाटा, रंधा मारणं. एवढ्यात प्लाय टाकून माणूस झोपला पण असता.

---

नवीन_भाडेकरू

पण मालक खिळे ठोकू देणार नाही.

---

सुतारपक्षी

खिळे नकोतच. तुमच्या पट्ट्या कडेच्या ठोकळ्यावर नुसत्या टेकवलेल्या असतील, तर आधीच्या बाराही सरकवून पंधरा समान अंतरावर लावा. जागच्या हलू नयेत म्हणून दोन्ही टोकांना नायलॉनची नवार स्टेपल करा. घर सोडताना नवार काढायची, तुमच्या तीन घेऊन जायच्या.